तिसऱ्या ओळीतलं शून्य

१

मंचरच्या बाजारपेठेत सकाळी सहा वाजता पहिली हाक उठली ती माणिकचंद शेठजींची, आणि निम्म्या पेठेला ती ओळखूच आली नाही. आवाज चढवणं शेठजींच्या धंद्यात बसत नव्हतं. कांद्या-बटाट्याची आडत, गिऱ्हाईक सगळ्या गावांचं आणि सगळ्या पक्षांचं. अशा माणसाला आवाज खालीच ठेवावा लागतो. पण त्या दिवशी मंदिरातून पूजा करून आलेले शेठजी, कपाळावरचा केशरी टिळा अजून ओला असताना, आपल्याच ओट्यावर उभे राहून ओरडत होते, "अगं, बाहेर ये! फळ्याला कुणीतरी हात लावलाय!"

पानबाई हातातलं फडकं तसंच घेऊन बाहेर आल्या. शेठजींच्या या बायकोनं साठी ओलांडली होती आणि चष्मा नाकावर घसरलेला असायचा. दुकानाच्या उंबऱ्याआड बसून त्या धान्य निवडत, पण ओट्यावर टेकलेल्या माणसाचं घरी भांडण झालंय की गाय व्यालीय, हे त्यांना त्याच्या बसण्यावरून कळायचं.

त्यांनी भिंतीवरच्या निवडणूक-निकालाच्या फळ्याकडं पाहिलं. काल दिवेलागणीला तिथं चार ओळी होत्या: वरचा पक्ष सहा, त्याखालचा चार, तिसरा शून्य, अपक्ष शून्य. आता वरच्यांचे पाच झाले होते आणि अपक्षाच्या शून्याच्या जागी एक होता. काल वरच्यांची मिरवणूक इथूनच गेली होती, त्यामुळं काळ्या फळ्यावर गुलालाची गुलाबी झाक बसली होती. आकडे मात्र पांढरेशुभ्र होते.

"ओलं आहे अजून," शेठजी म्हणाले. त्यांनी बोट लावून पाहिलं होतं आणि बोटाचा चुना धोतराला पुसला होता.

पक्षांची खरी नावं इथं घ्यायची नाहीत. ज्यांच्या फळ्याची ही गोष्ट आहे त्या चिखले गुरुजींना ते रुचलं नसतं. ओळींचा क्रम ते दर निवडणुकीला भर पेठेत चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. त्या सत्त्याण्णव सालच्या पंचायत समितीला ज्यांची चिठ्ठी आधी निघाली ते वरचे, मागून निघाली ते खालचे, एवढ्यावर आपलंही भागेल.

गुरुजी तीस वर्षं हा फळा लिहीत होते. शाळेतून निवृत्त झाले, पण फळ्यातून नाही. आणि लिहीत होते म्हणणंही चूक आहे, ते छापत होते. पोत्यांवर मार्का मारायला आकडे कापलेला पत्रा असतो ना, तसे आकड्यांचे आणि अक्षरांचे पत्रे त्यांनी करून घेतले होते. पत्रा फळ्याला लावायचा, डिंक घातलेल्या चुन्यात कापडाचा बोळा बुडवायचा आणि वरून टिपायचा. प्रत्येक आकडा बरोबर एक वीत उंच. "हातानं लिहिलं की आवडत्याचा आकडा नकळत मोठा येतो," असं ते सांगत. रंग एकच, पांढरा. बाकीचे रंग मिरवणुकीनं वापरावेत. पत्रे आणि चुन्याची कुंडी फळ्याशेजारी उघड्यावरच असायची. कुलूप का नाही, असं कुणी विचारलं तर गुरुजी म्हणत, "कुलूप आलं की किल्ली आली, आणि किल्ली आली की ती कुणाच्या माणसाकडं, हा प्रश्न आला." त्यांचं स्वतःचं मत कुणाला जातं हे त्यांच्या बायकोलाही मरेपर्यंत कळलं नव्हतं.

आणि सगळ्यात कडक होता तो दोन तोंडांचा नियम. घोडेगावला मतमोजणी चालायची. तिथून आलेला निकाल एका पक्षाच्या माणसानं सांगून चालत नसे. विरुद्ध पक्षाच्या माणसानंही तोच सांगितला, तरच आकडा चढायचा. पुण्याच्या पेपरात काय आलंय यापेक्षा फळ्यावर काय आहे, असं लोक विचारत. तीस वर्षांत एकदाही फळा खोटा पडला नव्हता.

आठ वाजेपर्यंत ओट्यापुढं पाय ठेवायला जागा उरली नाही. दहा जागांत सहा म्हणजे सभापती वरच्यांचा, त्यांनी काल गुलालही उधळलेला. पाच म्हणजे सगळं अधांतरी. वरचे म्हणत होते, खालच्यांनी आमची जागा पुसली. खालचे म्हणत होते, तुमी काल खोटे सहा छापून घेतले. एक गोष्ट मात्र दोघांना एकदम पटली: असला फळा पेठेत नको. एकानं तर पहारही आणली.

तेवढ्यात गुडघा धरत गुरुजी ओट्यावर चढले. फळ्याकडं बघून त्यांचा चेहरा पडला, पण आवाज शाळेतलाच होता. "पहार खाली ठेवा. काल मी सहा छापले, दोन तोंडं ऐकून छापले. यंदा गुडघ्यामुळं उमेदवारांची यादी उतरवून आणायला घोडेगावला गेलो नव्हतो, ती चूक माझी. आता जातो. दिवस मावळायच्या आत हे कुणी केलं ते कळलं नाही, तर हा फळा मीच उतरवीन. मग तुम्ही त्याची चूल पेटवा."

एस.टी.कडं लंगडत जाणाऱ्या त्या पाठीकडं पानबाई बघत राहिल्या. तीस वर्षं ज्या माणसानं आपल्या भिंतीला अब्रू आणली, त्याची पाठ आज पहिल्यांदाच त्यांना वाकलेली दिसली. त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की पानबाई कामाला लागत.

२

पहिला संशय घरातच घ्यावा लागला. धोतराला चुना होता तो शेठजींच्याच.

"तुम्ही नाही ना?" पानबाईंनी सरळ विचारलं.

शेठजींना हसावं की रागवावं कळेना. "अगं, मी कांदा-बटाटा खात नाही म्हणून तर चाळीस वर्षं नीट विकतोय. मला काय कुणाच्या आकड्याची गोडी? ओलं आहे का बघायला बोट लावलं, तेवढाच चुना."

"बोट लावलं तेव्हा ओट्यावर कोण होतं?"

"कुणी नाही. बटाट्याची पोती तेवढी उतरलेली. टेम्पो येऊन गेले होते."

पानबाईंना ते पटलं. एकाच बोटाचा डाग होता, टिपायचा बोळा धरणाऱ्याचा अख्खा पंजा माखतो. त्यांनी नवऱ्याला यादीतून काढलं आणि समोरच्या सुदर्शनच्या एस.टी.डी. बूथवर गेल्या.

सुदर्शन खालच्यांचा पोरगेला कार्यकर्ता. घोडेगावचा फोन त्याच्याकडं यायचा, म्हणून काल खालच्यांचं तोंड तोच होता. सकाळपासून वरच्यांनी त्याला शिव्या देऊन देऊन लाल केलं होतं.

"काकी, तुमी तरी इचार करा," तो फोनची वायर बोटाला गुंडाळत म्हणाला. "म्हाळुंग्याची शेवटची, धावी जागा वरच्यांना गेली, ह्ये काल मीच गुरुजींना सांगितलं. सोताच्या तोंडानं हरलो म्हनायचं आन सकाळी उठून पुसायचं? आन पुसायचंच आसतं, तर त्यांची एक कमी करून आपक्षाला कशाला दिली आसती? आमच्यात घातली आसती की! पाच-पाच!"

पानबाई जागच्या जागी थांबल्या. पोरगं चिडून बोललं होतं, पण बोललं ते बिनतोड होतं. ज्यानं कुणी आकडा बदलला, त्यानं काढलेली जागा कुठल्याच पक्षाच्या पदरात टाकली नव्हती.

"मग कुणी केलं असेल रे?"

"ते तुमीच शोधा. पर काकी, फळा काडू देऊ नका. आमी लई येळा हरलोय त्या फळ्यावर, पर हरल्याचं कधी खोटं वाटलं न्हाई."

ओट्यावर परत आल्या तर वरच्यांचं तोंड, म्हणजे महाळुंगे पडवळचे गेणभाऊ, आपल्या बटाट्याच्या पोत्यांवर बसलेले होते. हा माणूस एरवी बसायचा नाहीच. हात हलवत, शेजाऱ्याच्या खांद्यावर थापा मारत बोलायचा. ब्याण्णव साली तर आमचा आकडा मळकट आणि त्यांचा पांढराफेक का, म्हणून याच ओट्यावर गुरुजींशी अर्धा तास भांडला होता, आणि गुरुजींनी तो अर्धा तास ऐकून घेतला होता.

"गेणभाऊ, चहा घ्या."

"नगं काकी."

"तुमची जागा पुसली गेली आणि तुम्ही गप्प? पहार तुमच्या हातात असायला हवी होती."

"पुसली तर पुसली. काय करनार." गेणभाऊंनी मान वर केली नाही.

पानबाईंनी पोत्यांकडं पाहिलं. जो आधी येतो त्याची पोती भिंतीला लागतात, मागून येणाऱ्यांची पुढं. गेणभाऊंची पोती थेट भिंतीला होती. आठच्या आत कधी पेठेत न दिसलेला माणूस, तोही जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्यांच्या आधी हजर. आणि काल मिरवणुकीत पुढं नाचलेल्या या माणसाच्या अंगावर स्वच्छ धुतलेला सदरा. बाकीच्या वरच्यांचे कान आज सकाळीही गुलाबी होते.

पण यानं आपल्याच पक्षाची जागा का पुसावी? हे काही पानबाईंच्या डोक्यात शिरेना. संशयाला जागा होती, कारण नव्हतं.

३

दुपारी ऊन तापलं तशी गर्दी पांगली. पानबाईंनी स्टूल ओढलं, चष्मा पुसला आणि फळ्यापुढं बसल्या. वाण्याची बाई फळ्याशी काय बोलतेय म्हणून हमाल हसले. त्यांना हसू दिलं.

आधी त्यांनी बदललेला पाच पाहिला. त्यावर गुलालाचा कण नव्हता. साहजिकच, गुलाल काल पडला, पाच आज आला. मग अपक्षाचा एक पाहिला, तोही तसाच.

मग त्यांनी खालच्यांचा चार पाहिला आणि चष्मा पुन्हा पुसला. चार तर बदललेला नव्हता. काल संध्याकाळपासून तो तिथंच होता, मिरवणूक त्याच्यावरूनच गेली होती. त्याचा चुना गुलाबी व्हायला हवा होता. तो दुधासारखा पांढरा होता. म्हणजे चारही पुसून परत छापलेला!

त्या उठून अगदी जवळ गेल्या. तिसऱ्या ओळीतला पक्ष म्हणजे तालुक्यात ज्याची सभा झाली तर सतरंजी उरायची असा. त्याचं शून्य काल शून्य होतं आणि आजही शून्यच होतं. त्याला हात लावायचं कुणाला काही कारण नव्हतं. पण तेही कोरंकरकरीत होतं. कडेला ओल्या फडक्याचा गोल पुसट डाग राहिला होता, आणि त्या डागाच्या आत नवं शून्य नीट, सरळ, पत्रा न हलवता टिपलेलं होतं.

लबाडी करायला आलेला माणूस एक आकडा बदलून पळतो. हा मात्र उजाडता उजाडता, कुणी येईल याची धास्ती असताना, चारही ओळी पुसून परत छापत बसला होता. हरलेल्या पक्षाच्या शून्यासाठी त्यानं पकडलं जाण्याचा धोका पत्करला होता.

"हा चोर नाही," पानबाई स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या. "चोराला एवढी लाज नसते."

त्याच वेळी रस्त्यावर एस.टी. थांबली आणि गुरुजी उतरले. हातातला कागद त्यांनी चौघडी करून धरला होता. ओट्याची पायरी चढायला त्यांना शेठजींचा हात लागला.

"सापडली यादी?" पानबाईंनी विचारलं.

"सापडली," गुरुजी खाली बसत म्हणाले. "वहिनी, फळ्यावर आत्ता जे आहे ते खरं आहे. खोटं मी छापलं होतं."

४

शेठजींनी दुकानाचं दार लोटून घेतलं. पाण्याचा तांब्या गुरुजींपुढं ठेवला, तो तसाच राहिला.

कागदावर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: महाळुंगे गण, विजयी ठकूबाई पडवळ, अपक्ष, चिन्ह कपबशी. ठकूबाई मूळच्या वरच्यांच्याच. यंदा पक्षानं त्यांना तिकीट नाकारलं, तेव्हा त्या कपबशी घेऊन उभ्या राहिल्या आणि पक्षाच्या अधिकृत उमेदवार बाईंना पाडून आल्या. गुरुजी कुणाच्या सभेला जात नसत, चावडीवरच्या गप्पांना बसत नसत. कान विटाळू नयेत म्हणून पाळलेली ती शिस्त त्यांना इथं नडली. बंडाची गोष्ट त्यांच्यापर्यंत आलीच नव्हती.

"सुदर्शननं फोन घेतला, म्हणाला ही जागा वरच्यांना. त्याच्या लेखी ठकूबाई म्हणजे पलीकडची बाई, कुठल्या चिन्हावर आली हे त्यानं विचारलंच नाही. मग मी गेणभाऊला विचारलं. तोही म्हणाला, वरच्यांनाच लिवा. दोन विरुद्ध तोंडं सारखं बोलली, मी सहा छापले." गुरुजींनी डोळे मिटले. "तीस वर्षं मला वाटत आलं, एकमेकांचे वैरी जे सारखं बोलतील ते खरंच असणार. एका बाईला दोघांनी मिळून एका रांगेत ढकललं आणि मी ती ढकलाढकली वीतभर आकड्यात छापली. कागद बघितला असता तर झालं असतं. आता कुठल्या तोंडानं लिहू? फळा उतरवलेलाच बरा."

हा माणूस रडेल की काय, अशी भीती शेठजींना वाटली. पानबाईंना मात्र त्याच क्षणी त्याचा फार अभिमान वाटला. गाव दुसऱ्याचा हात शोधत होतं आणि हा स्वतःचा हात पुढं करून बसला होता.

"उतरवायचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी मला सांगा, एखादा आकडा बदलायचा झाला तर तुम्ही तेवढाच बदलता की सगळे?"

"सगळे. एकच नवा केला तर तो उजळ दिसतो आणि बाकीचे मळके. बघणाऱ्याला वाटतं, उजळ तो आवडता. पूर्वी नव्हतो करत. ब्याण्णवपासून करतो."

"तिसऱ्यांचं शून्यसुद्धा?"

"शून्य झालं म्हणून काय झालं, वहिनी? त्यांनाही लोकांनी मतं दिलीच ना?"

"ही तुमची पद्धत कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे?" गुरुजी बोलता बोलता थांबले. त्यांचा हात कागदावरच राहिला. "नाही, एकाला आहे. ज्यानं भांडून मला हे शिकवलं तो. दर निवडणुकीला कोपऱ्यात उभा राहून बघतो, मी चारही ओळी परत टिपतो की नाही ते. बोलत मात्र नाही."

पानबाई उठल्या. दाराच्या फटीतून ओट्यावरची पोती दिसत होती. पोती भिंतीला तशीच होती, त्यांच्यावर बसलेला माणूस नव्हता.

५

दिवस कलला तशी पेठ भरली. सकाळपेक्षा दुप्पट लोक होते, आणि पहार परत आली होती. पानबाई सूर्य मावळल्यावर पाणीदेखील घेत नसत. आत ताट वाढून ठेवलेलं होतं. त्यांनी एकदा आत पाहिलं, एकदा उन्हाकडं, आणि ओट्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. पेठेपुढं बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"बाबांनो, फळ्यावर आज जे आहे ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "गुरुजी सरकारी यादी घेऊन आलेत."

एकच गलका झाला. वरचे ओरडले, खालच्यांनी शिट्ट्या मारल्या. पानबाई गलका ओसरेपर्यंत थांबल्या.

"खालच्यांनी हे केलं असतं तर जागा स्वतःत घातली असती. आमच्या शेठजींनी केलं असतं तर पंजा पांढरा झाला असता. कुणी चोर असता तर एक आकडा पुसून पळाला असता. पण यानं चारही ओळी परत छापल्या. जवळ येऊन बघा, एकाही आकड्यावर कालचा गुलाल नाही. तिसऱ्यांच्या शून्यावरसुद्धा नाही. तुमच्यातला कोण सांगेल, तिसऱ्यांच्या शून्यासाठी कोण कशाला एवढा आटापिटा करील?"

लोक पुढं सरकून बघू लागले. पानबाईंना नाव माहीत होतं, पण ते त्यांनी जिभेवर येऊ दिलं नाही. आपण घेतलं तर तो पकडला जाईल, आणि त्यानं घेतलं तर तो मोठा होईल, एवढा फरक त्यांना कळत होता.

गर्दीच्या मागून आवाज आला, "म्या छापलं."

लोकांनी वाट दिली. गेणभाऊ पुढं आले. शेजारी एक उंच, काळी-सावळी बाई डोक्यावर पदर घेऊन चालत होती. या ठकूबाई पडवळ, गेणभाऊंच्या चुलत भावजय. निवडणुकीत दिरानं त्यांच्याविरुद्ध घरोघर प्रचार केला होता.

"काल गुरुजींनी मला इचारलं, तवा मला ठावं व्हतं ती कपबशीवर आलीया," गेणभाऊ म्हणाले. "पर सा झाले की सभापती आमचा. ती कुटं जातीया, येईल माघारी आमच्यातच, आसं मनाशी म्हनलो आन सांगितलं, वरच्यांना लिवा. नाचलोबी. घरी गेलो तर वयनी दारात उभी."

"म्या काय वाकडं बोलले न्हाई," ठकूबाई म्हणाल्या. "येवडंच म्हनलं, भावजी, तिकीट मागाया आले तवा तुमच्या रांगंत मला जागा नव्हती. आता माज्या जीवावर निवडून आले तर फळ्यावर मला त्याच रांगंत उभं केलं? तेबी त्या मास्तरांच्या हातनं, ज्यांनी कुनाचं खोटं लिवलं न्हाई?"

"रातभर डोळ्याला डोळा न्हाई," गेणभाऊ पुढं म्हणाले. "गुरुजींना सांगावं, तर त्यांनी भर पेठेत सोताला दोष दिला आसता. म्हनून टेम्पो पहाटं काडला, पुसलं आन परत छापलं. ब्याण्णव साली ह्येच आकड्यावरनं म्या त्यांच्याशी भांडलो व्हतो. एकच आकडा नवा करून कसा जानार? शून्याचा पत्रा सापडंना, त्येच्यापायी उजाडलं."

"गद्दार!" वरच्यांतून कुणीतरी ओरडलं. "आपल्या हातानं सभापतीपद घालवलं!"

"घालवलं न्हाई," गेणभाऊंनी वळून जुन्या आवाजात दम भरला. "आपलं नव्हतंच ते!"

जन्माचा वैरी असल्यासारखं वागणाऱ्या सुदर्शननं पुढं येऊन गेणभाऊंच्या हातातली टोपी घेऊन त्यांच्या डोक्यावर ठेवली. "चूक माजीबी हाय," तो म्हणाला. "म्या चिन्ह इचारलंच न्हाई."

गुरुजी काठी टेकत फळ्यापाशी गेले. पहारवाल्याला वाटलं, आता उतरवणार. तो हात लावायला पुढं झाला, पण गुरुजींनी चुन्याची कुंडी मागितली. मग फळ्याच्या तळाशी उरलेल्या जागेत, एकेका अक्षराचा पत्रा लावत, आकड्यांएवढ्याच वीतभर अक्षरांत त्यांनी छापलं: 'कालचे सहा चुकीचे. चूक चिखले.' गेणभाऊ आणि सुदर्शन मध्ये पडले, आमचीही नावं टाका म्हणाले. गुरुजींनी मान हलवली. "सांगणारे चुकतातच. बघून छापायचं काम माझं होतं. पुढच्या खेपेपासून दोन तोंडं आणि एक कागद." असं म्हणून त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि चारही आकडे पुसायला सुरुवात केली, कारण खालची ओळ नवी झाली होती आणि वरच्या आता शिळ्या दिसत होत्या. शून्याचा पत्रा गेणभाऊंनी धरला.

पेठेत एवढी माणसं असून बोळ्याचा टपटप आवाज ऐकू येत होता. पहारवाला पहार खांद्यावर टाकून केव्हाच मागं सरला होता. फळा उतरवायचं कुणी पुन्हा काढलं नाही.

छापून झालं तेव्हा सूर्य बुडाला होता. शेठजी बायकोच्या कानाशी लागले, "ताट राहिलं तुझं." पानबाईंनी हातानं 'राहू दे' केलं. पोट रिकामं होतं आणि मन इतकं भरलेलं होतं की त्यांना भुकेची आठवणही नव्हती.

ठकूबाई ओट्यावर चढल्या. चुना ओला होता, म्हणून फळ्याला न टेकवता त्यांनी हाताची वीत हवेतच धरून अपक्षाचा एक मापला. मग वरच्यांचा पाच मापला, खालच्यांचा चार मापला. शेवटी तिसऱ्या ओळीतलं शून्यही मापलं.

"समदे सारखे हायती," त्या गर्दीकडं वळून म्हणाल्या, आणि पदर नीट करून खाली उतरल्या.